न भाजणारा हात

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

पतसंस्थेनं यांना दिलेली ही डायरी जानेवारीपासून कपाटात कोरीच पडली होती. छापलेल्या तारखा खोडून लिहिलं तर सगळी पानं कामाला येतील, म्हणून आजपासून सुरू केली. किराणा-दुधाची वही वेगळी आहे. इथं फक्त घरातलं आणि मनातलं.

दुसरा श्रावणी सोमवार. मला उपवास. यांना आणि आत्याबाईंना भाकरी केल्या. चिमटा सापडेना, तेव्हा भाकर हातानंच उचलली. अंगठ्याला चटका बसला. करंगळीकडची हाताची कड मात्र तव्याला चांगली टेकली होती, तिथं काहीच झालं नाही. असं हे तिसऱ्यांदा.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, कस्तुराबाई. लोहाऱ्याच्या बाजारात कुणालाही विचारा, त्यांचं नाव माहीत आहे. पन्नास वर्षं नवरात्रात त्यांनी आई तुळजाभवानीचा पोत खेळवला. फडक्यांचे पीळ एकावर एक गुंडाळून जाड पोत करायचा, तेलात भिजवायचा, पेटवायचा. बाकीच्या आराधिणी ज्वाळेवरून हात भराभरा फिरवतात. आत्याबाई धरून ठेवायच्या. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली आहेत. ती देवीनं धरलीत, असं सगळं गाव म्हणतं.

म्हणून आज मनात आलं ते लिहिते. आईनं मलाही धरलं असेल का?

३० ऑगस्ट

हाताच्या कडेला फोड आला होता, तो फुटल्यावर दिसला. दुखला नाही, ठणकला नाही. हळद लावली.

आत्ता लिहिताना ध्यानात आलं की हाताची कड वहीवर टेकली आहे आणि ती टेकल्याचं मला कळत नाही. बघितलं की कळतं. कोपर मात्र आठ दिवस ठणकतंय. उंबऱ्याला लागलं तर करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या. यांना सांगितलं तर म्हणाले, धुणं कमी आपट.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

घट बसले. आत्याबाईंना गुडघ्यामुळं उभं राहवत नाही. सकाळी त्यांनी कवड्यांची माळ स्वतःच्या गळ्यातून काढली आणि पाटावर ठेवून म्हणाल्या, घे. हातात दिली नाही. त्या कुणाच्याच हातात काही देत नाहीत. त्यांचं सोवळं एवढं कडक, की माझ्या लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी ओसरीवर एकट्या जेवतात. ताट-तांब्या वेगळा, स्वतः घासतात, खुंटीला लावतात. कुलदीप झाला तेव्हा बारशाला सगळ्या बायांनी त्याला मांडीवर घेतलं, आत्याबाईंनी लांबून अक्षता टाकल्या. पोरगा रांगत त्यांच्याकडं गेला की उठून उभ्या राहायच्या. ते मी विसरलेले नाही. देवभोळ्या बाईला नातवाचा विटाळ कसा होतो, हे मला कधी समजलं नाही.

तरी पोत यंदा मला मिळाला. बाकी काही लिहीत नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवेलागणीला पोत खेळवला. संबळ वाजत होता, बाया गोल उभ्या होत्या. मी हात फिरवत होते, मधेच पेटतं तेल ठिबकलं आणि हाताच्या कडेवर आलं. मला काही कळलं नाही. शेजारची शरणम्मा ओरडली तेव्हा मी खाली बघितलं. तेल कातडीवर जळत होतं आणि माझा हात तसाच होता.

संबळ थांबला. मग शरणम्मा खाली वाकली, तिच्यामागं चार-पाच जणी वाकल्या. मला रडू आलं. आई, मी दहावी पास साधी बाई, काटकसर करणारी, माझ्यात काय बघितलंस?

आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांचं तोंड राखेसारखं झालं होतं. बाया गेल्यावर एवढंच विचारलं, "कवापासून?"

मी म्हणाले, श्रावणापासून. त्या जेवल्या नाहीत.

१२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला आलेल्या बायांनी हात बघितला. शरणम्मानं तापलेली नात आणली, म्हणाली, "अक्का, डोक्यावर हात ठेवा." ठेवला. लाज वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही लिहायला हवं. संध्याकाळी ताप उतरल्याचा निरोप आला. गोळीही दिली होती म्हणे.

१७ ऑक्टोबर, पौर्णिमा

तुळजापूरला जायचं होतं. आत्याबाईंनी पोत आणि माळ पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. कारण सांगत नाहीत. मी दोनदा विचारलं.

खोटं कशाला लिहू? पन्नास वर्षांचा मान सुनेकडं गेला, ते सोसवत नाही. सासू शेवटी सासूच.

४ नोव्हेंबर

दिवाळीला कुलदीप, सून वैष्णवी आणि नात आरोही आले, आज पुण्याला परत गेले. आरोही सात महिन्यांची. चार दिवस माझ्याच कडेवर होती. वैष्णवीनं तिला आत्याबाईंच्या मांडीवर ठेवायला घेतलं तर त्यांनी दोन्ही हात पदरात ओढले. वैष्णवीचं तोंड उतरलं. मी म्हणाले, राहू दे, सोवळं आहे त्यांचं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

पिराजीभाऊंची लेक श्रावस्ती आमच्या गावची आशाताई आहे. अंगावर चट्टा आहे का, विचारत ती दरवर्षी घरोघर फिरते. दरवर्षी आम्ही दारातूनच नाही म्हणतो आणि ती वहीत लिहून पुढं जाते. आज आत्याबाईंनीच तिला आत बोलावलं. पन्नास वर्षांत त्यांनी या कामाच्या माणसाला उंबरा ओलांडू दिला नव्हता.

म्हणाल्या, "हिचा हात बघ. आत बसून बघ, वट्ट्यावर न्हाय."

माझं डोकं फिरलं. देवीची खूण दवाखान्याच्या वहीत लिहायची? पण आत्याबाई दाराशी उभ्या राहिल्या, दार लावून घेतलं. श्रावस्तीनं माझा हात गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, "काकू, डोळे मिटा. मी पेनाचं टोक टेकवीन, तुम्ही दुसऱ्या हाताच्या बोटानं ती जागा दाखवायची."

तळव्यावर टेकवलं, दाखवलं. अंगठा दाखवला. मग ती थांबली. मी वाट बघत राहिले. शेवटी म्हणाले, "टेकव की."

ती हळू म्हणाली, "काकू, सहा वेळा टेकवलं."

डोळे उघडले तर पेन माझ्या करंगळीवरच होतं.

मग तिनं कोपराच्या मागं चाचपलं. तिथं कातडीखाली दोरीसारखं काही आहे, तिनं माझं बोट नेऊन मला दाखवलं. डाव्या कोपराला असं नाही. उजव्याच्या मागच्या बाजूला फिकट चट्टाही आहे, तो मला कधी दिसलाच नव्हता. सोमवारी डॉक्टरांकडं जायचं आहे. कुणाला सांगत नाही म्हणाली.

मी आत्याबाईंशी बोलले नाही.

२५ नोव्हेंबर

सरकारी दवाखान्यात गेलो, हे सोबत होते. डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी जो शब्द सांगितला त्याचं पहिलं अक्षर लिहून मी थांबले होते. आता लिहिते. कुष्ठरोग.

त्यांनी यांना विचारलं, विहिरीवर मोटार आहे ना? मग सांगितलं, केबलीत तारा असतात आणि त्यांच्यावर वेष्टण असतं, तशीच हाताची नस. आत बारीक तंतू, प्रत्येकावर आवरण, त्यांच्या जुड्या, आणि सगळ्यांवर मिळून बाहेरचं जाड वेष्टण. हा जंतू त्या आवरणात घर करतो. तिथं सूज येते, पण बाहेरचं वेष्टण ताणत नाही, मग आतला तंतू आवळला जातो. आधी कळणं जातं, मग ताकद जाते, मग बोटं वळतात.

हे मान हलवत होते. मला पोत दिसत होता, फडक्यावर फडकं गुंडाळलेला.

बोटं वळतात म्हणाले तेव्हा मी यांच्याकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं काही?"

मी लगेच म्हणाले, नाही.

गोळ्यांचं पहिलं पान तिथंच दिलं, पहिल्या गोळ्या समोर घ्यायला लावल्या. वर्षभर, फुकट. सुजेसाठी वेगळ्या बारक्या गोळ्या. औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागण्याची भीती राहत नाही म्हणाले. आरोहीचं विचारलं, तर म्हणाले, काळजी नको, श्रावस्ती घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि औषध बघेल. हात किती परत येईल ते आज सांगता येत नाही. दिवाळीनंतर लगेच आलात हे बरं झालं, अजून वर्ष गेलं असतं तर बोलण्यासारखं काही उरलं नसतं.

लघवी लाल झाली. सांगितलं होतं, तरी घाबरले.

२६ नोव्हेंबर

सकाळी भाकरी टाकल्या. आत्याबाई ओसरीवर ताट घेऊन बसल्या होत्या. मी जाऊन समोर बसले आणि त्यांच्या वळलेल्या बोटांकडं बघत राहिले. कालपासून तेच बघत होते.

त्यांनीच सुरुवात केली. त्यांच्या माहेरी एक मावशी होती. तिचं नाक बसलं, बोटं झडली, तर तिला रानात खोपीत ठेवलं. भाकर दगडावर ठेवून माघारी यायचे. ती मेली तर खोपीसकट पेटवली. हे त्यांनी लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं. मग लग्नानंतर एकदा नवरात्रात त्यांचा हात भाजला आणि कळलं नाही. त्यांना लगेच उमगलं काय आहे. पण शेजारच्या म्हाताऱ्या आराधिणीनं बघितलं आणि गावाला सांगितलं, आईनं हिला धरलं.

"म्या म्हणलं, व्हय, धरलं. देवीची म्हणलं तर कुणी खोपीत टाकत न्हाय."

सोलापूरच्या एका डॉक्टरकडून त्यांनी चार वर्षं पांढऱ्या गोळ्या आणल्या, देवदर्शनाच्या नावाखाली. ज्वारीच्या कणगीत लपवायच्या. घरात यांना एकट्याला माहीत होतं.

मी म्हणाले, आणि हे ताट? सोवळं?

आत्याबाईंनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "कशाचं सोवळं. तुझ्या हातात कधी भाकर दिली न्हाय, कुलदीपला मांडीवर घेतलं न्हाय. तू मनातल्या मनात लई शिव्या दिल्या असशील. दे. पर एवढं करूनबी तुझ्या हाताला आलंच."

मला काय वाटलं ते लिहायला बसले आणि लिहिता येत नाही. आईच्या नावावर पन्नास वर्षं खोटं. त्या खोट्याच्या पाया पडलेल्या बाया. त्यात मीही, नोंद आहे इथं, ११ ऑक्टोबरची.

आणि पोत पेटीत का गेला, तेही आज कळलं.

३ डिसेंबर

आत्याबाईंना घेऊन गेले. जायला तयार नव्हत्या. श्रावस्ती म्हणाली, आजी, काकूंच्या औषधासाठी तुमची तपासणी लागते. हे खरं होतं की नाही मला माहीत नाही, पण त्या उठल्या.

डॉक्टर म्हणाले, यांच्या अंगात आता जंतू नाहीत, त्या गोळ्यांनी केव्हाच गेले. नस मात्र सुकली, ती बोटं तशीच राहणार. आत्याबाईंनी एकच विचारलं, "हिला माझ्यामुळंच लागलं का?"

ते म्हणाले, कुणाकडून आलं ते सांगता येत नाही. हवेतून येतं, वर्षानुवर्षं अंगात झोपून राहतं. ताटानं येत नाही.

परतीच्या जीपमध्ये आत्याबाई दोन वेळा पुटपुटल्या, "ताटानं येत न्हाय." त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

घरी आल्यावर मी खुंटीवरचं ताट काढलं आणि स्वयंपाकघरात मांडलं. त्या म्हणाल्या, राहू दे, सवय हाय. परत ओसरीवर गेल्या. ताट तिथंच राहिलं, म्हणून दुसऱ्या ताटात वाढून दिलं.

२२ डिसेंबर

कुलदीपला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, मी वाचतो त्याबद्दल. वैष्णवी बोलायला आली नाही. संक्रांतीला यायचं होतं, आता सुट्टी नाही म्हणे. आरोहीच्या बोरन्हाणासाठी आणलेले हलव्याचे दागिने डब्यात ठेवून दिले.

डायरीत हाताचा आकार काढला, पेन्सिल बोटांभोवती फिरवून. श्रावस्ती महिन्याला तपासते. ती नायलॉनचा दोरा दहा जागी टेकवते, ते मी या आकारात लिहून घेते. कळलं तिथं टिंब, नाही कळलं तिथं कोरं. करंगळी, अनामिकेची अर्धी बाजू आणि कड. दहापैकी सात कोऱ्या.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

हळदीकुंकवाला बाया बोलवायच्या की नाही, यावर चार दिवस घरात बोलणं चाललं. आत्याबाई म्हणाल्या, बोलव, पण गप्प राहा. नाव आईचंच राहू दे. हे म्हणाले, तुझं तू बघ.

मला झोप नव्हती. देवीची खूण म्हणून ज्या पाया पडल्या, त्यांना मी वाण देऊन परत पाठवायचं? हिशेबात चूक सापडली की मी पान फाडत नाही. रेघ मारून खाली बरोबर आकडा लिहिते.

अकरा जणी आल्या. तिळगूळ दिला आणि मग हात पुढं केला. म्हणाले, हा हात भाजत नाही कारण याची नस आजारी आहे. आईची कृपा ही नव्हे. आजाराचं नावही सांगितलं. आत्याबाईंचं काही सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क मला नाही.

दोघींनी वाणाची वाटी तिथंच ठेवली. बाकीच्यांनी नेली, पण कुंकू लावून घ्यायला थांबल्या नाहीत. शरणम्मा माझ्याकडं न बघता गेली. पाच मिनिटांत ओसरी रिकामी.

तेव्हा आत्याबाई दारात आल्या. हात पदराबाहेर होता, बोटं तशीच वळलेली. बाया फाटकापाशी होत्या. आत्याबाईंनी आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"मलाबी त्येच हाय. हिच्या आधीपासून."

मग आत जाऊन भिंतीला टेकून बसल्या. मी पाणी दिलं, हातात. त्यांनी घेतलं.

१९ जानेवारी

पाच दिवस कुणी फिरकलं नाही. दूधवाला भांड्यात लांबून ओततो.

आज भर दुपारी शरणम्मा मागच्या दारानं आली. शिळोप्याचं बोलली, नातीचं, तुरीचं. उठता उठता म्हणाली, "अक्का, आमच्या मालकांच्या पाठीवर एक चट्टा हाय. तिथं घाम येत न्हाय. आमी म्हणलं, गजकर्ण असंल."

मी श्रावस्तीला फोन लावला.

१० एप्रिल

बारक्या गोळ्या कमी होत होत बंद झाल्या. त्यांनी तोंड सुजलं होतं, ते उतरतंय. कातडी काळवंडलीय, औषधानं होतं. रोज हात पाण्यात भिजवते, तेल लावते, बोटं ताणते. तव्याला चिमटा, चहाच्या पातेल्याला फडकं. आत्याबाई पदोपदी ओरडतात, बघून उचल. ज्यांनी पन्नास वर्षं न बघता उचललं त्या.

दहापैकी सहा जागी टिंब.

२७ जुलै

दहापैकी सात. डॉक्टर म्हणाले, कड कदाचित येणार नाही, पण बोटं आता वळणार नाहीत. मूठ भरते. पोळपाटावर आता जोर देता येतो.

कुलदीपचे फोन नेहमीचे झालेत. वैष्णवीनं परवा विचारलं, आजींचे गुडघे कसे आहेत. गुडघ्यांचं विचारलं, तेवढं लिहून ठेवते.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

घट बसले. गोळ्यांचं दहावं पान संपलं, दोन राहिली.

सकाळी आत्याबाईंनी पेटीची किल्ली स्वतः दिली. मी विचारलं, पोत काढायचा? म्हणाल्या, "काढ की. आईनं काय केलंय आपलं? पर इतर बायांवानी भराभर फिरव." बाया आल्या, गेल्या वर्षीएवढ्या नाहीत. शरणम्मा नवऱ्याला घेऊन आली होती. ज्वाळेवरून हात फिरवला, अनामिकेला चटका बसला आणि मी हात ओढून घेतला. कुणी पाया पडलं नाही. आत जाऊन देवापुढं डोकं टेकलं आणि खूप वेळ उठले नाही.

दुपारी कुलदीप, वैष्णवी आणि आरोही आले होते. आरोही आता चालते, चार दात वर, चार खाली. आत्याबाई ओसरीवर भिंतीला टेकून होत्या, हात पदरात. मी वैष्णवीकडं बघितलं. तिनं कुलदीपकडं बघितलं. मग तिनंच पोरीला उचललं आणि आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं.

आत्याबाई हलल्या नाहीत. लाकडासारख्या बसल्या. आरोहीनं पदर ओढला, आतला हात बाहेर काढला, ती दोन वळलेली बोटं उघडून बघायचा प्रयत्न केला. उघडेनात. तेव्हा करंगळी तोंडात घातली आणि चावली, चांगली कचकन. दात उमटले.

मी धावले. "आत्याबाई, लागलं का?"

त्या बोटाकडं बघत होत्या. डोळ्यांतून धार लागली होती.

"न्हाय लागलं," म्हणाल्या. "पर दिसतंय की."